काहील, गादी आणि आक्काचा चष्मा

कोल्हापूर,
१८ मे

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या रुद्राप्पाचा शरणु शरणार्थी. पाडवा होऊन दोन महिने झाले आणि तरी माझं पत्र आलं, म्हणून पोस्टमनला दारातच धरून रडायला सुरुवात करू नकोस. इकडे सगळे जिवंत आहेत आणि दोन वेळा जेवतात. तू सासरी निघालीस त्या दिवशी गाडीत बसून मला अट घातली होतीस, की दर पाडव्याला हातानं लिहिलेलं पत्र धारवाडला आलं पाहिजे. ती अट मी पन्नास वर्षं पाळली. (एक वर्ष मला टायफॉइड झाला म्हणून निर्मलानं लिहिलं, तर 'हे माझ्या भावाचं अक्षर नाही' म्हणून तू ते परत पाठवलंस. ती अजून बोलून दाखवते.) भावोजींचे गुडघे कसे आहेत? तुझी रक्तदाबाची गोळी तू स्वतःची घेतेस ना, की शेजारणीला बरं वाटलं म्हणून तिची? आणि डोळे? गेल्या दोन वर्षांत माझी पत्रं वाचता येत नाहीत म्हणून तू दोनदा चष्म्याचा नंबर वाढवून घेतलास, दुसऱ्या वेळी डॉक्टरशी भांडलीस म्हणे. वय झालं की असं व्हायचंच, मनाला लावून घेऊ नकोस. तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा अजून कपाटावर आहे का, की सुनेनं भंगारात घातला? मी दहावीला नापास झालो ते पोस्टकार्डसुद्धा जपून ठेवणारी बाई सबंध कर्नाटकात दुसरी नसेल.

तर झालं असं. निर्मलाच्या धाकट्या बहिणीचा नवरा मृत्युंजय, म्हणजे माझा साडू, तुला आठवत असेल. (स्वतःच्याच लग्नात तीन पंगतींना बसून 'जेवण कमी पडलं' म्हणणारा.) हा माणूस घोरतो. घोरतो म्हणजे त्याच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सोडून गेले. त्याच्या मुलीनं, सुष्मितानं, कुठून तरी शोधून काढलं की कोल्हापुरात एका संस्थेत झोप आणि मेंदू यांच्यावर संशोधन चालू आहे आणि तिथं एक रात्र झोपवून तपासतात. साडू एकटा जाईना. मग त्याची उशी, त्याची चादर आणि त्याचा भाकरी-झुणक्याचा डबा घेऊन सोबतीला मी गेलो. तिथल्या डॉक्टर आफशीन म्हणजे तिशीतली मुलगी, आपल्या कोल्हापूरचीच, बेंगळुरूला शिकून आलेली. तिनं साडूचे कागद भरले आणि मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, आम्हाला तुलना करायला साठीच्या पुढची निरोगी माणसंही लागतात, तुम्हाला काही तक्रार आहे का? मी म्हटलं, चौसष्ट वर्षांचा आहे, साखर नाही, रक्तदाब नाही, अंथरुणाला पाठ टेकली की थेट सकाळ. तिनं माझ्या कागदावर 'निरोगी' असं लिहिलं. त्या कागदाचा फोटो मी आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला होता, तो तू पाहिलासच. (अंगठा दाखवून गप्प बसलीस. भावाचं कौतुक करायला तुला पहिल्यापासून जड जातं.) पुढचा आठवडाभर मी गल्लीत छाती काढून फिरलो आणि साडूला उठता-बसता 'पेशंट' म्हणून हाक मारली, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला माझी फार दया येणार नाही.

माझ्या झोपायच्या दिवशी दुपारनंतर चहा बंद आणि डोक्याला तेल बंद. चहावाचून मी कसा राहिलो ते मला माहीत. संध्याकाळी आधी परीक्षा. पहिली परीक्षा वासाची. बारा कागदी पट्ट्या, नखानं खरवडायच्या, हुंगायच्या आणि चार नावांपैकी बरोबर नावावर खूण करायची. आक्का, मला हसू आलं. अडतीस हंगाम मी गुळव्या म्हणून काहिलीवर उभा आहे. उसाचा रस कधी तापला, मळी कधी वर आली, पाक कधी जमला आणि काहील नेमकी कधी उतरायची हे मी डोळे मिटून, नुसत्या वासावर सांगत आलो. लांबलांबचे लोक आपल्या गुऱ्हाळावर मला बघायला यायचे. मी दोन मिनिटांत बारा खुणा करून कागद दिला. बारापैकी चार बरोबर आले. गुलाबाला मी साबण म्हटलं होतं आणि लवंगेला 'वास नाही'. मी म्हटलं, तुमच्या पट्ट्या शिळ्या झाल्यात. तिथला वायरी जोडणारा मुलगा वसीम, तो राधानगरीकडचा, त्यानं ती लवंगेची पट्टी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "काका, ह्येचा वास पार दारापातूर यायलाय की." मी त्याला म्हटलं, तुला सर्दी नसेल झालेली. (मलाही नव्हती.)

दुसरी परीक्षा लिहिण्याची. 'आज सकाळी मी चहा घेतला' हे वाक्य दहा वेळा लिहायचं. चहा बंद असलेल्या माणसाकडून हे लिहून घेणं हा निव्वळ छळ आहे, पण मी लिहिलं. डॉक्टर आफशीननं मोजपट्टी घेऊन पहिली ओळ मोजली आणि दहावी मोजली. मीच म्हटलं, आम्ही कागद वाया घालवत नाही. ती हसली आणि तिनं कुठं तरी काही तरी टिपून ठेवलं.

मग वसीमनं माझ्या टकलावर, कपाळावर, हनुवटीवर, पायाच्या नडग्यांवर मिळून पंचवीसेक वायरी चिकटवल्या. छातीचा पट्टा बांधताना गळ्यातलं लिंग मध्ये आलं, तर मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका, मी खालनं बांधतो," आणि हातसुद्धा न लावता बांधला. मला तो मुलगा तिथंच आवडला. गप्पांत कळलं की त्याचे वडील तीस वर्षं एका गुऱ्हाळावर काहिली उतरवायला होते. तुला माहीतच आहे, पाक झाला की काहिलीच्या कड्यांत दांडे घालायचे, दोन्हीकडून माणसांनी उचलायचं आणि गुळव्यानं 'सावकाश' म्हणत वाफ्यात ओतून घ्यायचं. क्षणाचा उशीर झाला की गूळ करपलाच. वसीम लहानपणी तेच बघत वाढलेला. ही गोष्ट लक्षात ठेव.

रात्री काय झालं ते मला दोन प्रकारे माहीत आहे, एक माझ्या स्वप्नातून आणि दुसरं त्यांच्या व्हिडिओतून. माझ्या स्वप्नात पाक अगदी टोकाला आला होता, चुलवाणात जाळ धडाडून पेटलेला आणि माणसं मख्खासारखी उभी. मी ओरडत होतो, कोणी हलेना. व्हिडिओत असं दिसतं की एक टकला म्हातारा उताणा पडलाय, डोळे मिटलेले, डोक्यातून वायरी निघालेल्या, आणि तो दोन्ही हातांनी हवेत फावडं मारतोय, मध्येच लाथा झाडतोय आणि अख्ख्या कोल्हापूरला ऐकू जाईल अशा आवाजात "जाळ वडा, जाळ वडा" म्हणतोय. चार वायरी निघाल्या तसा वसीम पलीकडच्या खोलीतून धावत आला. तेवढ्यात म्हाताऱ्यानं गादीच्या दोन्ही कडा धरल्या आणि हुकूम सोडला, "बघतुयास काय, कडीला हात घाल, उतर म्हंतो न्हवं." आणि आक्का, वसीमनं घातला. पायाकडून गादीच्या खाली दोन्ही हात घालून त्या पोरानं, बापाचा हात जसा चालायचा तसा, गादी उचलली आणि सावकाश तिरकी केली. काहिलीतला गूळ मीच होतो. मी सुरेख एका धारेत फरशीवर ओतला गेलो आणि जागा झालो. वसीम अजून गादी धरून उभा होता. म्हणाला, "काका, तुमी असं वरडलासा की मला वाटलं खरंच करपंल."

सकाळी डॉक्टर आफशीननं तो व्हिडिओ पाहिला आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं तो दुसऱ्यांदा लावला आणि त्या वेळी हसली नाही. खाली वायरींच्या रेघा बघत होती. तिनं विचारलं, घरी असं होतं का? मी म्हटलं, छे, कधी नाही. ती म्हणाली, बाईंना बोलवा. निर्मला रिक्षानं आली, साडीचा पदर सावरत खुर्चीच्या टोकावर बसली आणि तिला तोच प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "सात वरसं झाली." तू दोन वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा आमच्या अंथरुणात मध्ये उशांची भिंत होती ती तू पाहिलीस, आणि मी तुला सांगितलं की निर्मलाच्या कमरेला आधार लागतो. मला तसंच वाटत होतं. सुष्मिताच्या साखरपुड्याला निर्मलाचा डोळा काळानिळा होता आणि कपाटाचं दार लागलं असं ती सगळ्यांना सांगत फिरत होती. ते कपाट मी होतो. मी बाहेर आल्यावर तिला विचारलं, सात वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, "दिसभर सगळ्यांचं ऐकून घेतासा, झोपंत तरी मनासारखं वरडू द्यात म्हटलं." आक्का, मला फार लाज वाटली. आयुष्यात कोणावर हात उचलला नाही अशी माझी स्वतःविषयी समजूत होती.

त्यानंतर डॉक्टर आफशीननं मला जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं सांगतो, कारण ऐकताना भीती वाटली त्याहून जास्त मला नवल वाटलं. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू हातापायांना बाहेरून कडी लावून ठेवतो म्हणे. आत कितीही पळापळ चालू असली तरी अंग हलत नाही. म्हणजे रोज रात्री तू, मी, भावोजी, सगळे बांधून घातलेले असतो आणि कोणाला पत्ता नसतो. माझी ती कडी सैल झाली आहे. मी विचारलं, मग ती सैल का झाली? तर ती म्हणाली, तेच आम्ही शोधतोय. (हे उत्तर तिनं पुढच्या चाळीस मिनिटांत अकरा वेळा दिलं. मी मोजत होतो. 'मला माहीत नाही' असं इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं म्हणणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला.) झोपेत मेंदूतला साठलेला कचरा धुतला जात असावा असाही एक शोध चालू आहे, अजून पक्कं काही नाही. मी तिला म्हटलं, मग आमचंही तेच. रस तापला की मळी वर येते, भेंडीचा चिकट रस घालून ती काढून टाकावी लागते, नाहीतर गूळ काळा पडतो. तिनं चक्क वही काढली आणि मला मळी कशी काढतात ते दोनदा विचारलं. अडतीस हंगामांत गुळाचं काळं-गोरं सगळ्यांनी विचारलं, मळीबद्दल कोणी कधी विचारलं नव्हतं.

मग ती मुद्द्यावर आली. ज्यांची ही कडी सैल होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढं काही वर्षांनी हात थरथर कापण्याचा, चालणं मंदावण्याचा किंवा विसरण्याचा आजार होतो. सगळ्यांना नाही. कोणाला, कधी, हे आज कोणी सांगू शकत नाही. मेंदूच्या आतल्या काही पेशी हळूहळू झिजतात आणि हात कापायला लागायच्या पुष्कळ आधी काही बारीक खुणा दिसू शकतात. झोपेत ओरडणं ही एक, वास जाणं ही दुसरी. आज ते थांबवणारं औषध नाही, पण ते शोधायचं तर अशीच माणसं लागतात जी अजून चालती-बोलती आहेत आणि दरवर्षी येऊन सांगतील. मी म्हटलं, दरवर्षी ठरल्या दिवशी हजर राहण्याची मला लहानपणापासून सवय आहे. तिला ते कळलं नाही. तिनं माझी फाईल 'निरोगी' लिहिलेल्या कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवली. साडूला मात्र काही नाही, घशाचा काही तरी साधा दोष आहे, रात्री तोंडावर एक यंत्र लावायचं की झालं. आता तो गल्लीत सांगत फिरतो की सोबतीला आलेला तिथंच अडकला. मला 'पेशंट' म्हणून हाक मारतो. मी ओ देतो.

वासाची गोष्ट मात्र मनातून जाईना. जानेवारीत आपली एक काहील करपली होती, ते मी तुला पाडव्याच्या पत्रात लिहिलं होतं. अडतीस हंगामांत पहिल्यांदा. मी पिराजीवर खापर फोडलं, जाळ जास्त घातलास म्हणून चारचौघांत नको ते बोललो. बावीस हंगाम माझ्या चुलवाणात चिपाड घालणारा माणूस, घोंगडं खांद्यावर टाकून निघून गेला तो परत आला नाही. गेल्या सोमवारी मी त्याच्या घरी गेलो. कागलच्या पुढं, एस. टी. नं, भर उन्हात. त्यानं पाणी दिलं, गूळ दिला. (दुसऱ्या गुऱ्हाळाचा. मुद्दाम.) मी त्याला वायरी, गादी, बारापैकी चार, सगळं सांगितलं आणि म्हटलं, पिराजी, चूक तुझी नव्हती, माझ्या नाकाची होती. तो म्हणाला, "मला म्हाईत हुतं. करपट वास समद्यांस्नी आलता. तुमास्नीच आला न्हाय." मग तेव्हाच बोलला का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाला, "गुळव्याला कोन सांगनार?" येत्या हंगामाला तो येतो म्हणाला आहे, पण एका अटीवर. काहील कधी उतरायची ते तो हुंगून सांगणार आणि मी नुसतं 'सावकाश' म्हणायचं. मी कबूल केलं. परत येताना एस. टी. त बसून मी रडलो, आणि शेजारच्या पावण्यानं मला डोळ्यांत धूळ गेली असेल म्हणून खिडकी लावून दिली.

असो. बाकी सगळं ठीक आहे. आम्ही खाट काढून गादी जमिनीवर घातली आहे आणि कपाटाचे कोपरे जुन्या चादरी गुंडाळून मऊ केले आहेत. उशांची भिंत आता मी स्वतः रचतो, चांगली तीन उशा उंच. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि या पत्राला काही विशेष कारण नव्हतं, सहज लिहिलं.

तुझा,
रुद्राप्पा

ता. क. : आपल्या इकडचा चमन पुढच्या आठवड्यात टेंपो घेऊन हुबळीला माल टाकायला येणार आहे. येताना तो धारवाडला तुझ्याकडं येईल. त्याच्याकडं तो बिस्किटाचा डबा दे. आतल्या पत्रांसकट. रिकामा देऊ नकोस. परत मिळेल.

ता. क. दुसरा : कशाला हवाय असं तू विचारणारच. डॉक्टर आफशीनला माझं जुनं लिखाण पाहिजे आहे. हाताचं अक्षर वर्षावर्षाला बारीक होत जाणं ही तिसरी खूण आहे म्हणे, आणि एकाच माणसाचं पन्नास वर्षांचं अक्षर, तेही दरवर्षी एकाच दिवशी लिहिलेलं, तिनं कधी पाहिलेलं नाही. कधीपासून आणि किती, हे तिला त्यावरून मोजता येईल. फॉर्मवर एक चौकट असते, निष्कर्ष सांगावा की सांगू नये. निर्मला म्हणाली, नको. मी 'सांगावा'वर खूण केली आहे. सात वर्षं घरात काय चाललंय ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, आता तरी मला कळू दे.

ता. क. तिसरा : चमनला डबा देण्याआधी तू एकदा सगळी पत्रं वर्षांप्रमाणे जमिनीवर मांड आणि बघ. मला डॉक्टरच्या आधी तुझ्याकडून ऐकायचं आहे. पाटीवर पहिलं अक्षर तूच माझ्याकडून गिरवून घेतलंस. मी लहान काढलं की पुसायचीस आणि म्हणायचीस, "मोठं काड, मुंग्यांस्नी वाचायचं न्हाय." तुला बघताक्षणी कळेल. फोन करू नकोस, निर्मला ऐकते आणि मला धीर देत बसते. लिहून पाठव. आणि बघताना तो नवा चष्मा लावू नकोस, जुनाच लाव. तुझ्या डोळ्यांना बहुतेक काही झालेलं नव्हतं.